दीड बोटाचा संकल्प

माझ्या तोंडात माझी दीड बोटं जातात, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी माझ्या करामती पाहून इतरांनीच तोंडात बोटं घातली होती; माझ्यावर तशी पाळी आली नव्हती.

सुरुवात शेगावच्या कचोरीनं झाली. कचोरी तोंडात जाईना. मला वाटलं, भाव वाढवला म्हणून लाजेखातर कचोरीही मोठी केली असेल. पण बायको शेजारी बसून मजेत खात होती. मी कचोरीचे चार तुकडे केले, लहान लेकराला भरवतात तसा एकेक आत सरकवला, आणि गालाच्या आतून अशी आग झाली की डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"देवाच्या दारी आलं की भरून येते मले," मी म्हणालो.

तिनं पदरानं माझे डोळे पुसले. पुढे जे काही खोटं मी बोललो, त्याची ही बोहनी.

मग मी एकटाच, गुपचूप, बुलढाण्याला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची. तिनं मला तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांच्या मधे उभी घालायला सांगितली. दुसरं बोट अर्ध्यावर अडकलं. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं, मग बॅटरीनं डाव्या गालाच्या आत पाहिलं आणि गप्प झाली. डॉक्टर बोलत असला की भीती वाटत नाही. गप्प झाला की वाटते.

"खर्रा किती वर्षं खाता, काका?"

"अधूनमधून खातो."

तिनं छोटा आरसा माझ्यापुढे धरला. आत माझे दात होते, वीटभट्टीच्या रंगाचे. "अधूनमधून?" तिनं परत विचारलं.

"तीस वर्षं," मी म्हणालो.

तिनं सांगितलं ते मी शब्दशः लक्षात ठेवलंय, कारण त्यानंतरचा दीड महिना तेच ऐकत मी जागा होत होतो. डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. गालाची आतली कातडी ताठ होत चालली आहे, म्हणून तोंड उघडत नाही. आजपासून एकही खर्रा नाही. दीड महिन्यानं परत या. चट्टा तसाच दिसला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

"अन् खाल्ला तर?"

"तर कॅन्सर," ती म्हणाली. "होतोच असं नाही. पण होतो."

मी बाहेर आलो. रस्ता ओलांडला. समोर पानठेला होता. खर्रा कसा सोडायचा याचा शांतपणे विचार करायचा, तर तोंडात काहीतरी पाहिजे ना! मी एक घेतला.

खर्रा ज्यांना ठाऊक नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला फळीवर घोट घोट घोटतो. पाच मिनिटांत त्याचा ओलसर, मातकट चुरा होतो. पन्नीला रबर लावून तो खिशात जातो आणि खिशातून चिमूट चिमूट गालात. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी पन्नी पुढे येते, मग रामराम. पुढे आलेल्या पन्नीला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसालाच नाही म्हणणं. मी मेहकरच्या बस स्टँडवर कंट्रोलर. दिवसाला साठेक गाड्यांची नोंद करतो. साठ ड्रायव्हर, साठ कंडक्टर, आणि माझ्या केबिनची खिडकी बरोबर एक पन्नी आत येईल एवढी.

कंट्रोलरचं दुसरं काम माईकवर बोलायचं. सव्वीस वर्षं मेहकरच्या स्टँडवर जो घोगरा आवाज लोकांनी ऐकला तो माझा. "चिखलीमार्गे बुलढाण्याकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." प्रवाशांना वाटायचं, यंत्रच खराब आहे. यंत्र चांगलं होतं. माझ्या तोंडात खर्रा होता.

घरी बायकोला काय सांगायचं? चट्ट्याचं सांगितलं असतं तर ती त्याच रात्री मला घेऊन मुंबईला निघाली असती, किंवा अंथरूण धरलं असतं; दोन्हींची मला सारखीच धास्ती. म्हणून सांगितलं, पाठ दुखते, डॉक्टरनं योग करायला सांगितला. बायको इतकी खूश झाली की तिनं मला नवा सुती पायजमा घेतला.

क्लास गावातल्या एका मंगल कार्यालयात. सकाळी सहाला, लग्न नसेल त्या दिवशी. शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त पीटी टीचर, आवाज अजून मैदानावरचा. पहिल्याच दिवशी सिंहासन. गुडघ्यांवर बसायचं, तोंड फाडायचं, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची आणि गर्जना करायची. माझ्या आजूबाजूला वीस सिंह गरजले. माझी जीभ दातांच्या फटीतून शेंडाभर डोकावली आणि आत गेली, भाडेकरूनं घरमालकाला पाहून दार लावावं तशी.

"कंट्रोलर साहेब, लाजू नका! मोठ्ठा आ!" मॅडम म्हणाल्या.

मला लाजायला काय झालं होतं? मला मोठा आ हवा होता. त्याचसाठी तर आलो होतो.

शेवटी शवासन. सगळे आडवे. मॅडमचा आवाज एकदम खाली आला, ताप आलेल्या लेकराशी बोलावं तसा. "आता आपला संकल्प. मनाच्या अगदी तळातून. छोटं वाक्य. नको ते सांगू नका, हवं ते सांगा. पुढे होईल असं नाही. आत्ता होत आहे, असं. तीन वेळा. आणि कोणाला सांगू नका. तो तुमचा आणि तुमच्या आतल्याचा."

मी मनात म्हणालो, 'मी उद्यापासून खर्रा सोडीन.' मग आठवलं, उद्या चालत नाही. 'मी खर्रा सोडतो.' पण यात सोडणं आलं. नको ते सांगायचं नाही. 'माझं तोंड उघडत आहे.' हे जमलं. फक्त एक अडचण होती. हे वाक्य मी म्हणत होतो तेव्हा डाव्या गालात, चट्ट्याच्या बरोबर वर, सकाळचा खर्रा होता. घरून निघताना घातलेला. क्लासमध्ये चिंता नको म्हणून.

मॅडमचा आवाज छान होता. मला झोप लागली. झोपेत तोंड सैल झालं आणि खर्रा घशात उतरला.

मी उठून बसलो तेव्हा श्वासच येईना. खोकल्याची अशी उबळ की वीस माणसांची शांती मोडली. नाकातून, डोळ्यांतून, सगळीकडून तंबाखू. मी दाराकडे धावलो आणि पायऱ्यांवर, जिथे नवरदेव ओवाळून घेतात बरोबर तिथे, सगळं बाहेर पडलं. लाल, लांबलचक. एक बाई किंचाळल्या, "रक्त!" मी हातानंच खुणावलं, रक्त नाही, रक्त नाही. मग उचकी लागली ती दुपारपर्यंत. साठ गाड्यांपैकी वीस मी उचकीत सोडल्या.

पाणी आणून दिलं ते क्लासमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या चाचांनी. चाचा गादीवाले, रुई पिंजून गाद्या-रजया भरतात. क्लासच्या बसायच्या पातळ गाद्याही त्यांच्याच हातच्या. गुडघे गेले म्हणून येत होते. मी पायरी धुवत होतो, ते बादली धरून उभे.

"साहेब," हळूच म्हणाले, "लेटून खर्रा खाऊ नये. बसून खावं."

"चाचा, सोडायचाच हाये मले."

"मंग तोंडात काऊन होता?"

मी पायरी जरा जास्तच घासली.

त्यांना मी सगळं सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही. बादली धरणाऱ्या माणसाशी खोटं बोलवत नाही, एवढंच. दीड बोट, चट्टा, दीड महिना. त्यांनी मधेच तोबा वगैरे केलं नाही. ऐकून घेतलं.

"हे संकल्प म्हणतेत ना मॅडम," ते म्हणाले, "आमच्यात याले नियत म्हणतेत. रोजा धरायचा तं आधी नियत. नमाजीले उभं राह्यचं तं आधी नियत. पण साहेब, नियत केली अन् मंग खातच बसले, तं तो रोजा नाही. ते नुसतं जेवण हाये."

मी हसलो. मग घरी जाताना हसू थांबलं.

कारण मला कळलं होतं की संकल्प आणि माझी नोकरी एकच गोष्ट आहे. "गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे." छोटं वाक्य. होकारार्थी. वर्तमानकाळ. आणि गाडी? गाडी अजून खामगावातून निघालेली नसायची. सव्वीस वर्षं मी न आलेल्या गाड्या वर्तमानकाळात आणत आलो होतो, का, तर लोक शांत बसतात. आरडाओरडा करत नाहीत. आता मी स्वतःला तेच सांगत होतो. तोंड थोड्याच वेळात उघडत आहे. आणि मीही शांत बसत होतो, खर्रा लावून.

दिवस मोजायला मी नोंदीच्या रजिस्टरमागच्या पानावर उभ्या रेघा मारत होतो. बिनखर्ऱ्याच्या दिवसाला एक रेघ. अठ्ठावीस दिवस झाले. रेघा तीन. त्यातली एक मी ताप होता म्हणून पडून होतो त्या दिवसाची. दुसरी खोटी.

मला रोज सकाळी आरशापुढे उभं राहून बोटं घालायची सवय लागली. न्हाणीचं दार लावून. एक, मग दुसरं, मग अडकणं. जीभ दिवसभर त्या चट्ट्यावरून फिरायची. ठेचा खाणं बंद झालं, भाकरीचा घास मी बोटभर करू लागलो, आणि बायको म्हणाली, "योगानं तुमचं खाणं किती सुधारलं!" मी भिंतीकडे पाहिलं. घाबरलेला माणूस खर्रा खातो, खर्रा खाल्ला की घाबरतो, घाबरला की... हे चाक कुठं थांबवायचं, मला कळेना. मेलो तरी चालेल पण आता एक चिमूट हवी, असं मला त्या दिवसांत अनेकदा, चांगला शुद्धीत असताना, वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

त्याच आठवड्यात बायको चिखलीला माहेरी जायला निघाली. चार दिवसांसाठी. मी पिशवी उचलून तिला फलाट तीनवर बसवून आलो, आणि मनात हिशेब चालला होता की चार दिवस घरी खर्ऱ्यासाठी कोण खिसे तपासणार? त्या विचाराचीच मला किळस आली. केबिनमध्ये येऊन बसलो. गाडीला पंधरा मिनिटं होती. ठरवलं, आत्ता, याच क्षणी संकल्प करायचा. मनात नको, मनातला ऐकू येत नाही. तोंडानं, मोठ्यानं. पण कोणत्या सुरात? मला एकच सूर येतो.

डोळे मिटले. हात टेबलावर टेकले. आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं उजव्या हाताच्या अंगठ्यानं माईकचं बटण दाबलं. मला कळलंसुद्धा नाही.

"माझ्या डाव्या गालातला चट्टा जात आहे," मी म्हणालो. "माझं तोंड तीन बोटं उघडत आहे. मी खर्रा खात नाही."

मॅडमनी तीनदा सांगितलं होतं. मी तीनदा म्हणालो. आपल्या केबिनबाहेर एकदम इतकी शांतता कशी, असा विचार मनात आला आणि मला वाटलं, हेच ते ध्यान. लागलं शेवटी.

डोळे उघडले. समोर खिडकीत एक ड्रायव्हर. त्याची पन्नी अर्धी आत, अर्धी बाहेर. तो मान हलवत म्हणाला, "साहेब, माईक."

आमच्या स्टँडचे भोंगे भाजी बाजारापर्यंत ऐकू जातात. एक आजोबा पिशवी उचलून उठले होते म्हणे, कोणत्या फलाटावर लागली म्हणून. पानठेलेवाला घोटता घोटता थांबला होता. मग कुठूनतरी पहिलं हसू फुटलं, आणि मग साऱ्या स्टँडवर पसरलं. मीही हसलो असतो. दुसऱ्याचं असतं तर मी वर्षभर सांगितलं असतं. पण मी फलाट तीनकडे पाहत होतो. ती उठली होती. पिशवी तिथेच ठेवून, लोकांमधून वाट काढत, केबिनकडे येत होती.

तिनं दार उघडलं. आत आली. दार लावलं.

"कोणता चट्टा?"

"अगं, ते असंच..."

"आ करा."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या. आ करा."

मी केला. जेवढा होतो तेवढा. तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि आपली बोटं एकावर एक घातली, जणू तिला कोणी आधीच शिकवलं होतं. तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक. तरी तिसरं जाईना. काचेची बांगडी माझ्या दाताला लागून किणकिणली. ती तशीच उभी, बोटं माझ्या तोंडात, आणि मला बोलता येईना. त्या क्षणाइतकं खरं मी वर्षानुवर्षं काही बोललो नसेन.

बोटं काढून तिनं पदराला पुसली.

"कधीपासून हाये?"

"महिना झाला कळून."

"अन् पाठ?"

"पाठ चांगली हाये."

ती स्टुलावर बसली. "साऱ्या माहेराले सांगतलं मी, की हे पाठीसाठी सकाळी सहाले जाऊन राह्यले. पायजमा घेतला तुमच्यासाठी." तिनं माझं रजिस्टर बाजूला सारलं. मग, "मले काऊन नाही सांगतलं? मी कोण हाये तुमची? फलाटावरची प्यासिंजर?"

रागावली असती तर मला सवय होती. ती रडली असती तरी मी काहीतरी गंमत केली असती. ती दोन्ही करत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, घराला तडा गेलेला पाहावं तशी.

बाहेर चिखलीची गाडी हॉर्न देऊ लागली.

"सोडा गाडी," ती म्हणाली.

"तू?"

"मी नाही जात."

मी माईक हातात घेतला. चिखलीमार्गे बुलढाण्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवरून सुटत आहे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चिरकला. कोणी हसलं नाही. ती जाऊन पिशवी घेऊन आली आणि ड्यूटी संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिली.

त्यानंतर मी गावचा झालो. मॅडमनी जपायला सांगितलेलं गुपित आता भाजीवाल्या बायकांनाही पाठ होतं. स्टँडसमोरच्या पानठेलेवाल्यानं मला खर्रा द्यायला साफ नकार दिला. "माझ्या गिऱ्हाईकाइले तुम्ही घाबरवलं, आता तुमचं तोंड पाह्यचं की धंदा पाह्यचा?" ड्रायव्हर खिडकीत पन्नीऐवजी बोटं दाखवायचे: "साहेब, किती?" बायकोनं माझ्या सायकलच्या सीटखालची, मीटरच्या पेटीतली आणि गणपतीच्या फोटोमागची अशा तीन पन्न्या काढल्या, आणि काहीही न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. जेवण होईपर्यंत त्या तिथेच होत्या.

मला वाटलं होतं, एवढ्या नाचक्कीनं सुटेल. चार दिवस सुटला. पाचव्या दिवशी मी जानेफळला गेलो. काम काहीच नव्हतं. तिथे मला कोणी ओळखत नाही, एवढंच. ठेल्यावर उभा राहून एक खर्रा मागितला. त्यानं घोटायला घेतलं, मग वर पाहिलं.

"तुम्ही मेहकरचे ते तोंडवाले साहेब ना?"

"नाही," मी म्हणालो.

"आवाज तोच हाये ना पण."

"माझा भाऊ असेल."

त्यानं पन्नी दिली. देताना माझ्याकडे असं पाहिलं की पुढ्यात पैसे टाकून मी पळालो. मागे एक बंद पडलेली पिठाची गिरणी होती. तिच्या भिंतीआड उभं राहून मी तो खर्रा खाल्ला. अख्खा. एका गालात मावेना तर दुसऱ्या गालात. चट्ट्यावर चुना लागून आग होत होती आणि मी रडत होतो आणि चघळत होतो. थुंकावं असं वाटत होतं. थुंकलो नाही. माझ्या आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला आणि चारचौघांत सांगून टाळ्या घेतल्या, पण या भिंतीआडच्या दहा मिनिटांचं काय करावं, मला अजून कळलेलं नाही. यात हसायला जागा सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी शवासनात मॅडम म्हणाल्या, "आता आपला संकल्प." मी आडवा होतो, डोळे मिटलेले. माझ्याकडे वाक्यच नव्हतं. तोंड उघडत आहे? कोणाचं? मी म्हणालोच नाही. शेजारून चाचांचा श्वास ऐकू येत होता.

बाहेर चपला घालताना मी त्यांना सांगितलं. "तुटला, चाचा. काल अख्खा खाल्ला."

त्यांनी गुडघा दाबत एक चप्पल घातली. मग दुसरी.

"एक रोजा तुटला म्हणून रमजान संपत नाही, साहेब. तो एक मागून धरून द्यावा लागते. अन् आजचा आज धरायचा."

"नियत केली की तुटते मंग, काय करू?"

"रोज करायची. मी रोज करतो. मले काय एकदाच पुरली का?"

त्या दिवसापासून संकल्प मी रोजचा रोज करू लागलो. नुसता त्या दिवसाचा. आणि तो बायकोला सांगून. सकाळी चहाच्या वेळी, तिच्यासमोर बसून. मॅडमचा नियम मोडला, पण मी इतके मोडले होते की एक जास्त. "आज नाही," एवढंच. ती मान हलवायची, विश्वास ठेवल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी. मग न्हाणीत नाही, चहाच्या कपाशेजारीच बोटं. ती पाहायची.

पहिले चार दिवस काय झालं ते थोडक्यात. पोट बंद पडलं. तीस वर्षं ते खर्ऱ्याच्या हुकमावर चालत होतं. मी एका कंडक्टरवर पेन फेकून मारला आणि मग माफी मागायला त्याची गाडी परत येईपर्यंत फलाटावर उभा राहिलो. तोंड सारखं काहीतरी शोधायचं. मी बडीशेप खाल्ली, लवंग खाल्ली, लवंगेनं चट्टा भाजला. एकदा दुपारी रिकामी पन्नी सापडली तर मी ती नाकाला लावून हुंगत बसलो होतो. बायकोनं दारातून पाहिलं आणि ती परत आत गेली.

तपासणीच्या दिवशी रजिस्टरच्या मागच्या पानावर अकरा रेघा होत्या. सलग. सगळ्या खऱ्या.

दोघं बुलढाण्याला गेलो. तिथल्या खुर्चीत मी उताणा. डोक्यावर दिवा. डॉक्टरनं बोटं मोजली. "दोनच्या जरा आत," ती म्हणाली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, अर्धं बोट कमावलं आपण. मग डॉक्टरनं गाल बाजूला धरून दिवा जवळ आणला. आणि गप्प झाली.

"चट्टा आहे तसाच आहे, काका. कडेला थोडा जाडच वाटतोय. तुकडा घेऊ या आपण."

"पण मी बंद केला ना. अकरा दिवस..."

"बंदच ठेवा," ती म्हणाली. "काहीही आलं तरी ते उपयोगी पडेल."

काहीही आलं तरी. सुईनं गाल बधिर होत होता. बायको माझा पाय धरून उभी होती, घोट्याजवळ, कारण हात धरायला जागा नव्हती. डॉक्टर म्हणाली, मन दुसरीकडे न्या, काहीतरी चांगलं म्हणा मनात. मी शोधलं. माझं तोंड उघडत आहे, हे वाक्य आलं आणि गेलं. त्याच्या मागून एक वाक्य आलं. छोटं, वर्तमानकाळातलं. मला भीती वाटते आहे. हे मॅडमच्या नियमात बसतं की नाही ठाऊक नाही. पण मी तीनदा म्हणालो, आणि माझ्याच आवाजावर माझा विश्वास बसला, पुष्कळ दिवसांनी.

तुकडा तपासायला गेला. आठ-दहा दिवस लागतील, फोन येईल.

आज सहावा. टाका आहे, म्हणून पेज पितो. रेघा सतरा. आतापर्यंत मी किती गाड्या थोड्याच वेळात आणल्या असतील, पण आता माईक हातात घेतला की तो शब्द तोंडातून निघत नाही. गाडी वळणावर दिसली की मगच बटण दाबतो. लोक कुरकुर करतात. करू देत.

बायको रोज दुपारी डबा घेऊन येते आणि फोन वाजेपर्यंत बसते. म्हणजे फोन वाजत नाही आणि ती ड्यूटी संपेपर्यंत बसते. मघा एक बाई खिडकीशी आल्या, कडेवर नातू.

"साहेब, लोणारची गाडी कधी येईल हो?"

गाल दुखत होता. मी म्हणालो, "माहीत नाही, बाई. आली की सांगतो."

त्या वैतागल्या आणि जाऊन बाकावर बसल्या. स्टुलावरून बायकोनं फोन उचलून एकदा पाहिला, आणि परत टेबलावर ठेवला, पडदा वर करून.